प्रकाश, सोन्याचे कण आणि कर्करोगाची गाठ

नवजात बाळाला कावीळ झाली की त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला निळ्या दिव्यांखाली उघडे ठेवतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. बाळाची आजी हमखास विचारते, "डॉक्टर, लेकराला भाजणार तर नाही ना?" भाजत नाही. बाळाच्या कातडीत साठलेले बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य हा निळा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे त्याच्या रेणूची ठेवण बदलते आणि मग ते पित्तावाटे व लघवीवाटे सहज बाहेर पडू लागते. हा गुण प्रथम लक्षात आला तो एका परिचारिकेच्या. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड रुग्णालयात १९५६ साली सिस्टर वॉर्ड बाळांना बागेत उन्हाला नेत असत. एका बाळाच्या अंगावरचा पिवळेपणा उन्हाने गेला होता, पण दुपट्याखाली झाकलेला भाग मात्र पिवळाच राहिला होता. हे त्यांनी डॉक्टरांना दाखवले आणि दोन वर्षांत दिव्याखाली ठेवण्याचा उपचार सुरू झाला.

आपल्याकडे कोडावर बावचीचे बी वापरून उन्हात बसण्याची पद्धत जुनीच आहे. बावचीतले सोरॅलेन हे द्रव्य एरवी गप्प असते, पण सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पडले की कातडीत काम करू लागते. कोणाचे ऐकून बावचीचे तेल चोपडून भर दुपारी अंगणात बसलेले आणि अंगभर फोड घेऊन दवाखान्यात आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. औषध तेच होते, ऊनही तेच. चुकले ते प्रमाण.

हे सांगण्याचे कारण असे, की गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न पुनःपुन्हा दिसतो. "नॅनो कण आणि लाईट वापरून कर्करोग बरा होतो असे वाचले, ते खरे का? आपल्या भागात कुठे मिळते? खर्च किती?" या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही. यातला काही भाग खरा आहे, काही प्रयोगाच्या पायरीवर आहे आणि काही निव्वळ लुबाडणूक आहे. तिन्हींतला फरक ओळखता यावा म्हणून आज हा विषय घेतला आहे.

घरातच असलेले नॅनो कण

एक मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची. औषधोपचारात ज्या नॅनो कणांची चर्चा चालते ते पाच-दहापासून शे-दोनशे नॅनोमीटरपर्यंतचे. साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाहीत.

तरीही आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले आहेत. दिवस गेले का हे घरी तपासण्याची जी पट्टी औषधाच्या दुकानात मिळते, तिच्यावर उमटणारी गुलाबी रेघ बहुतेक पट्ट्यांमध्ये सोन्याच्या नॅनो कणांची असते. करोनाच्या साथीत नाकातला स्राव घेऊन जी झटपट चाचणी होत असे, तिच्यातली रेघही बहुधा त्याच जातीची. वाचकांना नवल वाटेल. सोने तर पिवळे, मग रेघ गुलाबी कशी?

सोन्याचे कण फार लहान झाले की त्यांचा रंग बदलतो. मायकेल फॅरडे या थोर इंग्रज शास्त्रज्ञाने १८५७ साली सोन्याचे असे माणकासारखे तांबडे द्रावण तयार करून त्याचा प्रकाशाशी असलेला संबंध तपासला होता. त्याच्या त्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवलेल्या आहेत. कारण असे, की इतक्या छोट्या कणातले सुटे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरीबरोबर एका तालात हेलकावे खातात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का मिळाला की तो उंच जातो, तसे एका विशिष्ट रंगाच्या प्रकाशाशी त्यांचा ताल जमतो आणि तो प्रकाश ते गिळून टाकतात. वीस-चाळीस नॅनोमीटरचे गोल कण हिरवा प्रकाश गिळतात, म्हणून उरलेला तांबडा आपल्याला दिसतो.

गिळलेल्या प्रकाशाचे पुढे काय होते? त्याची उष्णता होते. कण तापतो, त्याच्या आजूबाजूचे पाणी तापते. सगळी वैद्यकीय उमेद या एका गोष्टीवर उभी आहे. शरीरातली पेशी ४२-४३ अंश सेल्सिअसला त्रासते, आणि ५५-६० अंशांवर काही वेळातच मरते. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा बलक घट्ट होतो, तोच प्रकार. कर्करोगाच्या गाठीत असे कण जमवता आले आणि बाहेरून प्रकाश टाकून ते तापवता आले, तर गाठ जळेल आणि आजूबाजूचे निरोगी अवयव वाचतील. कल्पना इतकी साधी आहे.

प्रकाश आत जातो किती?

आता एक प्रयोग करून पाहा. रात्री खोलीतला दिवा मालवा आणि मोबाईलची बॅटरी तळहाताखाली घट्ट धरा. बोटांच्या कडा लालबुंद दिसतील. पांढऱ्या प्रकाशातले निळे व हिरवे किरण रक्ताने शोषून घेतले. तांबडे तेवढे पार झाले. तांबड्याच्याही पलीकडे, डोळ्यांना न दिसणारे जे अवरक्त किरण आहेत, त्यातले सुरुवातीचे किरण शरीरातून त्याहूनही बरे जातात. आणखी पुढे गेले की शरीरातले पाणी त्यांना अडवते. म्हणजे रक्त एका बाजूने आणि पाणी दुसऱ्या बाजूने वाट अडवून बसलेले, आणि मध्ये सुमारे ६५० ते ९०० नॅनोमीटर लहरींच्या प्रकाशाला एक खिडकी उघडी. करोनाच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिजन मोजण्याचा जो चिमटा घरोघरी आला, तोही असाच तांबडा आणि अवरक्त प्रकाश वापरतो.

आता तीच बॅटरी पोटावर टेकवा. पाठीतून काही दिसते का? दिसणार नाही. खिडकी उघडी असली तरी ती खोल नाही. या किरणांचा मागमूस नाजूक उपकरणांना काही सेंटिमीटरवर लागतो, पण पेशी जाळण्याइतका जोर साधारण सेंटिमीटरभर अंतरातच ओसरून जातो. मांस, चरबी, पडदे यांतून प्रकाश विखरतो. दुधाच्या पेल्यातून पलीकडचे दिसत नाही तसे. हा मुद्दा वाचकांनी नीट लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

शास्त्रज्ञांनी यातून दोन वाटा काढल्या. पहिली अशी, की सोन्याचा कणच असा घडवायचा की तो हिरव्याऐवजी या खिडकीतला अवरक्त प्रकाश गिळेल. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातल्या राईस विद्यापीठात नेओमी हॅलास यांनी १९९० च्या दशकात असे कण तयार केले. मध्ये सिलिकाचा, म्हणजे वाळूच्याच जातीच्या पदार्थाचा गोळा आणि वर सोन्याचा पातळ मुलामा. गोळा आणि मुलामा यांचे प्रमाण बदलले की कण कुठला प्रकाश गिळणार ते बदलते. आपल्याकडे तांब्याच्या दागिन्यावर सोन्याचे पाणी देतात तसाच हा प्रकार, फक्त दागिना दीडशे नॅनोमीटरचा. जेनिफर वेस्ट या त्यांच्या सहकारी संशोधिकेसह २००३ मध्ये त्यांनी उंदरांच्या गाठींत हे कण सोडून अवरक्त लेझरने त्या तापवून दाखवल्या.

दुसरी वाट जास्त सरळ आहे. प्रकाश बाहेरून पोचत नाही ना, मग सुईतून बारीक काचतंतू थेट गाठीतच न्यायचा आणि त्यातून लेझर सोडायचा.

न्यूयॉर्कचे सोळा पुरुष

या दोन्ही वाटा एकत्र करून माणसांवर केलेला जो पहिला नीट प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याची माहिती थोडी विस्ताराने देतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात तो झाला. पुरुषांमध्ये मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. उतारवयात तिचा कर्करोग बऱ्याच जणांना होतो. शस्त्रक्रियेने ती काढली किंवा किरणोपचार केले तर रोग आटोक्यात येतो, पण लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांवर परिणाम होऊ शकतो, कारण या कामांच्या नसा ग्रंथीला अगदी चिकटून जातात. म्हणून रोगट भाग तेवढा जाळावा आणि बाकीची ग्रंथी राखावी, असा विचार होता.

५८ ते ७९ वयाचे सोळा रुग्ण निवडले. सगळ्यांचा रोग ग्रंथीपुरताच मर्यादित आणि कमी ते मध्यम धोक्याचा होता. पहिल्या दिवशी शिरेतून सलाईनसारखे सोन्याचा मुलामा दिलेले कण दिले. दुसऱ्या दिवशी एम.आर.आय. व सोनोग्राफीची चित्रे एकमेकांवर जुळवून, त्यांच्या आधाराने सुया गाठीत नेल्या आणि अवरक्त लेझर सोडला. सोळापैकी पंधरा जणांचा उपचार पूर्ण झाला. एकाला कण देतानाच पोटात दुखू लागले, म्हणून थांबवावे लागले. उरलेल्यांत लघवीच्या तक्रारी किंवा लैंगिक क्षमता यांत लक्षात येण्याजोगा बिघाड झाला नाही.

पुढे रुग्णांची संख्या वाढवून हाच उपचार तपासला गेला. ४४ पुरुषांची वर्षभराने बायप्सी केली तेव्हा सुमारे ७३ टक्के रुग्णांत उपचार केलेल्या जागी कर्करोग सापडला नाही. याचाच अर्थ, चारांतल्या साधारण एकाच्या त्या जागी तो होता. आकडा उत्साह वाढवणारा आहे, यात शंका नाही. पण हे रुग्ण निवडक होते, रोग सुरुवातीचा होता आणि वर्ष-दीड वर्षाच्या निरीक्षणावरून प्रोस्टेटच्या कर्करोगाबद्दल अखेरचे काही बोलता येत नाही. तो रोग मुळातच मंद चालीचा. दहा वर्षांनी काय दिसते ते महत्त्वाचे. हाडांत, यकृतात पसरलेल्या कर्करोगाशी तर या उपचाराचा संबंधच येत नाही.

कण गाठीत जातात तरी कसे, असे एका शिक्षक वाचकाने विचारले आहे. गाठ घाईघाईने वाढते, तिच्या नव्या रक्तवाहिन्या कच्च्या बांधणीच्या असतात. त्यांच्या भिंतींतून मोठे कण झिरपतात आणि निचऱ्याची सोय नीट नसल्याने तिथेच अडकतात. जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा या संशोधकांनी १९८६ मध्ये हे मांडले. पुढची तीस वर्षे सगळ्या जगाने या गळक्या नळावर फार भरवसा ठेवला. मग २०१६ मध्ये कॅनडातील टोरोंटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. टोचलेल्या शंभर भाग कणांपैकी गाठीपर्यंत सर्वसाधारणपणे पोचले किती? ०.७ भाग. एक टक्कासुद्धा नाही. उरलेले बहुतांश यकृत आणि प्लीहा यांनी पकडले. परक्या वस्तू गाळून घेणे हे या अवयवांचे कामच आहे. त्यांना सोने काय आणि धूळ काय.

म्हणून नॅनो कण "थेट गाठीवर जाऊन मारा करतात, शरीराला काही होत नाही" असे कोणी सांगितले तर ते पूर्ण खरे नाही. प्रकाशाचा फायदा इथेच आहे. कण यकृतात गेले तरी तिथे लेझर पडत नाही, म्हणून तिथे काही जळत नाही. पण ते तिथे किती वर्षे राहणार आणि त्याचे काय होणार, हा प्रश्न उरतोच. साधारण साडेपाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळून लघवीवाटे जातात. मोठे जात नाहीत.

या अडचणीवर आपल्या मुंबईत झालेले काम सांगण्यासारखे आहे. पवईच्या आय.आय.टी.मधील डॉ. रोहित श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेने खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन विभागासोबत चरबीच्या सूक्ष्म थेंबांवर सोन्याचा मुलामा देऊन कण बनवले. काम झाले की थेंब विरघळतो, मुलामा फुटतो आणि सोन्याचे बारीक तुकडे शरीराबाहेर जाण्याजोगे होतात. उंदरांवरील या प्रयोगाचा निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उंदीर आणि माणूस यांच्यामध्ये औषधाला पुष्कळ वर्षे चालावे लागते, हे मात्र विसरू नये.

दिसण्यासाठी प्रकाश

जाळणे हा एक उपयोग झाला. दाखवणे हा दुसरा, आणि माझ्या मते सामान्य रुग्णाला त्याचा लाभ आधी होईल. काही अंशी तो होऊही लागला आहे. इंडोसायनिन ग्रीन नावाचे हिरवे औषध अमेरिकेत १९५९ पासून मान्य आहे. ते नॅनो कण नाही, साधे रंगद्रव्य आहे. पण शिरेत टोचताच रक्तातल्या प्रथिनांना चिकटते आणि अवरक्त प्रकाशात चमकते. डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या त्याने तपासतात. आता मोठ्या शहरांतल्या शस्त्रक्रियागृहांत पित्ताशय काढताना पित्तनलिका चुकून कापली जाऊ नये म्हणूनही ते वापरतात. खास कॅमेऱ्याच्या पडद्यावर नलिका उजळून दिसते. यकृत हे औषध झपाट्याने पित्तात टाकते. त्यात आयोडिन असते, म्हणून आयोडिनची ॲलर्जी असलेल्यांनी आधी सांगायला हवे.

याच्या पुढची पायरी म्हणजे चमकणारे रंगद्रव्य सिलिकाच्या कणात कोंडून ठेवणे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात असे सहा-सात नॅनोमीटरचे कण तयार झाले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयात ते पाच रुग्णांना देऊन पाहिले, त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. कण इतके लहान ठेवण्याचे कारण वर आलेच आहे. ते लघवीवाटे गेले. उलट 'क्वांटम डॉट' नावाचे अतिशय तेजस्वी कण, ज्यांच्या शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते प्रयोगशाळेत सुंदर काम करतात, पण त्यातल्या अनेकांत कॅडमियम ही विषारी धातू असते. माणसाच्या शिरेत ते टोचायला डॉक्टर धजावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आणखी एक युक्ती आहे. कणावर लेझरचा क्षणिक झोत टाकला की तो किंचित तापतो, फुगतो आणि त्या धक्क्याने बारीक आवाज होतो. आपल्या कानांना तो ऐकू येत नाही, पण सोनोग्राफीसारख्या यंत्राला येतो. प्रकाश आत पाठवायचा आणि आवाज बाहेर ऐकायचा! आवाज शरीरात प्रकाशासारखा विखरत नाही, त्यामुळे काही सेंटिमीटर खोलीवरचे चित्रही रेखीव मिळते. प्रकाशाच्या तुटक झोताने वस्तू आवाज करतात हे टेलिफोनच्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८० सालीच पाहिले होते.

आज खरोखर मिळणारे औषध

प्रकाशाने जागे होणारे आणि सूक्ष्म कणात भरलेले एक औषध मात्र प्रत्यक्ष वापरात आहे, आणि त्याचा गाजावाजा होत नाही. त्याचे नाव व्हर्टेपॉर्फिन. हे चरबीच्या सूक्ष्म थेंबांत बसवलेले असते. उतारवयात डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढून दृष्टी जाते, त्या आजारासाठी अमेरिकेत २००० साली त्याला मान्यता मिळाली. दहा मिनिटांत ते शिरेतून देतात. सुरुवातीपासून पंधरा मिनिटांनी डोळ्यात ६८९ नॅनोमीटरचा मंद तांबडा लेझर ८३ सेकंद सोडतात. हा लेझर स्वतः जाळत नाही. औषध त्या प्रकाशाने जागे होते, जवळच्या ऑक्सिजनला तिखट बनवते आणि तेवढीच रक्तवाहिनी बुजते. पुढे डोळ्यात द्यायची इंजेक्शने आली आणि बहुतेक रुग्णांसाठी तीच अधिक गुणकारी ठरली. तरी पडद्याच्या काही आजारांत नेत्रतज्ज्ञ हा उपचार अजून सुचवतात.

असा उपचार घेतलेल्याने पुढचे दोन ते पाच दिवस, डॉक्टर सांगतील तितके, उन्हात जाऊ नये; गेलेच तर पूर्ण बाह्या, टोपी, गडद चष्मा वापरावा. शेतावर चक्कर नको. पण अंधाऱ्या खोलीत कोंडूनही घेऊ नये. घरातल्या साध्या उजेडात कातडीतले उरलेले औषध हळूहळू निकामी होते, म्हणून तो उजेड हवाच. ही काळजी किती खरी आहे याचा दाखला जर्मन डॉक्टर मेयर-बेट्झ यांनी दिला. त्यांनी अशाच जातीचे द्रव्य स्वतःला टोचून घेतले आणि ते उन्हात गेले. चेहरा आणि हात सुजले आणि नंतर दोन महिन्यांहून अधिक काळ त्यांना ऊन सोसत नव्हते. १९१३ साली त्यांनी हा अनुभव लिहून ठेवला.

लाल दिव्यांचा पट्टा

आता ज्या कारणाने हा लेख लिहावासा वाटला ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात एक शेतकरी गृहस्थ मुलाबरोबर माझ्याकडे आले. मोठ्या आतड्याचा कर्करोग, बायप्सीने सिद्ध झालेला, पण पसरलेला नव्हता. शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. मुलाच्या हातात गुळगुळीत कागदावरचे एक रंगीत माहितीपत्रक होते. रोज सोन्याच्या नॅनो कणांचे थेंब प्यायचे आणि पोटावर लाल दिव्यांचा पट्टा बांधायचा, तीन महिन्यांत गाठ विरघळते, कापाकापी नको. किंमत अडीच लाख. त्यासाठी विहिरीजवळचे अर्धा एकर विकण्याचे बोलणे घरात झाले होते. वडिलांना शस्त्रक्रियेची भीती वाटत होती. मुलाला वाटत होते की वडिलांसाठी जमीन गेली तरी चालेल. दोघांचेही चुकत नव्हते.

मी वाद घातला नाही. खोलीचा दिवा घालवला, माझी बॅटरी त्यांच्याच तळहाताखाली धरली आणि मग पोटावर. "आता सांगा काका, हा उजेड आतड्यापर्यंत कसा पोचणार?" त्यांनी बराच वेळ पोटाकडे पाहिले. मग मुलाला म्हणाले, "तारीख आहे तीच राहू दे." शस्त्रक्रिया झाली, पुढे केमोथेरपी झाली, आणि जमीन आहे तिथेच आहे. अर्धा एकर वाचले याचा आनंद आहेच, पण त्याहून तीन महिने वाचले हे मोठे. आतड्याची गाठ पट्टा बांधून थांबत नाही.

तोंडावाटे घेतलेले कण रक्तात आणि गाठीत हव्या त्या प्रमाणात पोचतात असे कोणीही सिद्ध केलेले नाही. वर सांगितलेल्या न्यूयॉर्कच्या प्रयोगात ते शिरेतून दिले होते. "मग सुवर्णभस्म घेतले आणि लेझर मारला तर?" असेही एक पत्र आहे. भस्मातही सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात हे खरे, पण अवरक्त प्रकाश गिळावा म्हणून विशिष्ट मापाने घडवलेले ते कण नव्हेत. भस्माच्या इतर गुणदोषांचा विषय वैद्यांचा. कर्करोग जाळण्याशी त्याचा संबंध जोडू नये.

असा उपचार कोणी देऊ केला तर पहिला प्रश्न विचारा, प्रकाश गाठीपर्यंत कशाने पोचवणार? कातडी, तोंड, डोळा इथे तो बाहेरून पोचू शकतो. अन्ननलिका, मूत्राशय इथे दुर्बिणीतून. आतल्या गाठीत सुईतून. यातले काहीच नसेल तर पुढचे ऐकण्याची गरज नाही. दुसरा प्रश्न, हा मान्य उपचार आहे की प्रयोग? प्रयोग असेल तर भारतात औषधाच्या प्रत्येक चाचणीची नोंद आय.सी.एम.आर.च्या सी.टी.आर.आय. या नोंदवहीत व्हावी लागते. २००९ पासून ते सक्तीचे आहे. ती नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. गावात संगणकावर काम करणारा मुलगा पाच मिनिटांत शोधून देईल. नोंदणीचा क्रमांक मागा. आणि प्रयोगातल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागितले तर सावध व्हा. खऱ्या प्रयोगात तुम्हाला समजेल अशा भाषेत संमतिपत्र देतात, ते घरी नेऊन वाचू देतात आणि नको म्हटले तरी तुमचे नेहमीचे उपचार बंद करत नाहीत.

क्रमांक मिळाला नाही किंवा शंका वाटली, तर पैसे भरण्याआधी जिल्हा रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्या. जाताना बायप्सीचा मूळ अहवाल, सी.टी. स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी आणि बायप्सीचा मेणाचा ठोकळा बरोबर न्या. हा ठोकळा तुमचा तुकडा ज्या प्रयोगशाळेत तपासला तिथे अर्ज केला की मिळतो. त्यावरून तपासणी पुन्हा करता येते आणि दुसऱ्यांदा तुकडा काढण्याचा त्रास बहुधा वाचतो.